सरीसृपांची विश्वसूची : नामसंग्रहाचा एक इतिहास

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने साप-सरड्यांच्या याद्यांत लक्ष घालावे, हे पुष्कळांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्यांना आपण प्राणिशास्त्राचे ग्रंथ म्हणून बाजूस ठेवतो, त्यांपैकी कित्येक ग्रंथ मूलतः कोशच आहेत. त्यांत शीर्षशब्द आहेत, पर्यायशब्द आहेत, अर्थनिश्चितीचे वाद आहेत आणि अपपाठही आहेत. फरक असलाच तर एवढाच, की कोशकाराचा चुकलेला अर्थ पुढील आवृत्तीत दुरुस्त होईपर्यंत सहसा कोणाचे काही बिघडत नाही. सापाच्या नावात घोटाळा झाला तर मात्र बिघडू शकते.

जगातील सर्व सरीसृप-जातींची जी सूची १९९५ पासून संगणकाच्या महाजालावर उभी राहिली आहे, तिचा पूर्वेतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे. आणि त्या अनुषंगाने नागपुरात झालेल्या एका नामकरणाच्या उद्योगाचा विचार करावयाचा आहे. 'सरीसृप' ह्या शब्दात येथे साप, सरडे, पाली, घोरपडी, कासवे व मगरी ह्या सर्वांचा समावेश केला आहे. प्राणिशास्त्रीय द्विपद नावातील पहिल्या पदास 'वंश' व दोन्ही पदे मिळून होणाऱ्या घटकास 'जाती' असे म्हटले आहे. लेखातील प्रतिपादन एकच आहे : अशा सूचीचे सामर्थ्य तिने ग्राह्य ठरविलेल्या नावांइतकेच, किंबहुना अधिक, तिने टाकून न दिलेल्या नावांत असते.

२

सापांच्या याद्या करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अमरकोशाच्या पातालभोगिवर्गात गोनस, अजगर, अलगर्द, राजिल, डुण्डुभ इत्यादी नावे आली आहेत. परंतु तेथे नावाचा खुलासा दुसऱ्या नावानेच होतो. गोनस म्हणजे तिलित्स, हे आपणांस कळते. तिलित्स म्हणजे कोणता प्राणी, हे कळत नाही. पर्यायकोशाचा हेतू पाहता हा दोष नव्हे. पण नावाकडून प्राण्याकडे जाण्याची वाट तेथे नाही, हे खरे.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ही वाट काही अंशी सापडते. तेथे सर्पांचे ऐंशी प्रकार मानले असून त्यांची दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष व वैकरंज अशी पाच वर्गांत विभागणी केली आहे. पळीसारखी फणा असलेले ते दर्वीकर, अंगावर मंडले असलेले ते मंडली, रेषा असलेले ते राजिमंत. दर्वीकरांच्या विषाने वात, मंडलींच्या विषाने पित्त व राजिमंतांच्या विषाने कफ कुपित होतो, अशी उपपत्ती दिल्यामुळे ही विभागणी चिकित्सेशी जोडली गेली आहे. 'गोनस' हे नाव मंडली वर्गात येते. मराठी 'घोणस' हा शब्द ह्याच गोनसापासून आला असे मानतात, आणि घोणशीच्या पाठीवरील वर्तुळांच्या साखळ्या पाहता अर्थही जुळतो. तरीपण सुश्रुताचा गोनस तोच आजची घोणस, असे सिद्ध करून दाखविता येत नाही. ज्या सापाला पाहून ते नाव लिहिले गेले, तो साप कोठेही जतन केलेला नाही. नाव राहिले आणि त्याचा साक्षीदार गेला.

३

प्राणिनामांचा आधुनिक व्यवहार लिनेयसच्या 'सिस्टेमा नॅचुरी' ह्या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून मोजला जातो. त्यापूर्वीचे कोणतेही नाव शास्त्रीय व्यवहारात ग्राह्य धरले जात नाही. गंमत अशी की, ह्या आरंभबिंदूवरच आपल्या भाषांतील एक शब्द उभा आहे. लिनेयसने आपल्या नागास 'कोलुबर नाजा' असे नाव दिले. त्यातील 'नाजा' म्हणजे आपला 'नाग'च. पुढे १७६८ साली लॉरेंटीने 'नाजा' हा स्वतंत्र वंश केला. आज नागाचे शास्त्रीय नाव 'नाजा नाजा' आहे. वंशही नाग आणि जातीही नाग!

भारतीय सापांचा पहिला मोठा सचित्र ग्रंथ पॅट्रिक रसेल ह्याचा. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ होता. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. रसेलने सापांना बहुधा लॅटिन नावे दिली नाहीत. तेथील लोकांच्या तोंडी असलेली तेलुगू नावेच त्याने रोमन लिपीत उतरविली. जिला आपण घोणस म्हणतो, ती त्याच्या पानांवर 'कटुक रेकुल पोडा' आहे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या एका सापाला त्याने 'बंगारम पामा' म्हटले. तेलुगूत 'बंगारम' म्हणजे सोने व 'पामु' म्हणजे साप. हाच शब्द घेऊन १८०३ साली दोदँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'बुंगारस' हा वंश स्थापिला. आपला साधा मण्यार आणि विदर्भाच्या पूर्वभागातही आढळणारा पट्टेरी मण्यार हे दोन्ही ह्या वंशात मोडतात.

अशी उदाहरणे आणखी आहेत. घोणशीच्या वंशाचे 'दाबोइया' हे नाव ग्रे ह्याने १८४२ साली दिले. ते दबून, दडून राहणारी अशा अर्थाच्या हिंदी शब्दावरून घेतले आहे. ग्रेनेच १८५६ साली कासवांच्या एका वंशास 'कछुआ' शब्दावरून 'कचुगा' असे नाव दिले. 'घडियाल' शब्दाचे फ्रेंच लेखनात 'गाव्हियाल' असे भ्रष्ट रूप झाले आणि तेच पुढे 'गाव्हियालिस' ह्या वंशनामात कायम झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा उघड अपपाठ होय. परंतु प्राणिनामांच्या संहितेत प्राथम्याचा नियम प्रधान असल्यामुळे तो आता सुधारता येत नाही. संहितेच्या दृष्टीने शुद्धतेपेक्षा स्थैर्य अधिक मोलाचे आहे. घोणशीच्या जातिनामात रसेलचे नाव गोवताना १७९७ साली शॉ व नॉडर ह्यांनी त्यात एकच 'ल' लिहिला. पुढील लेखकांनी दोन 'ल' घातले, शेवटचा 'इ' कोणी एकदा तर कोणी दोनदा लिहिला. अखेर मूळचा एक 'ल'च प्रमाण ठरला. पाठचिकित्सेत आपण ज्या गोष्टींवर भांडतो, त्याच ह्या आहेत.

ह्या सर्व नावांना एकत्र आणून तपासण्याचे प्रचंड कार्य जॉर्ज आल्बर्ट बूलंजे ह्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने ब्रिटिश म्युझियममध्ये केले. १८८५ ते १८९६ ह्या काळात त्याने सरड्यांचे तीन, कासवे व मगरी ह्यांचा एक आणि सापांचे तीन असे सात खंड प्रसिद्ध केले. प्रत्येक जातीखाली पूर्वीच्या लेखकांनी तिला दिलेली नावे पृष्ठांकांसह नोंदवावयाची आणि संग्रहालयातील नमुने कोठून आले ते सांगावयाचे, ही त्याची पद्धत. अमरकोशात जी वाट नव्हती, ती येथे आहे. नावाकडून ग्रंथाकडे आणि ग्रंथाकडून काचेच्या बरणीतील नमुन्याकडे जाता येते. भारतापुरते हेच कार्य माल्कम स्मिथ ह्याने पुढे नेले. सयामच्या राजदरबारात वैद्य म्हणून राहिलेल्या ह्या संशोधकाचे तीन खंड १९३१, १९३५ व १९४३ साली निघाले, आणि आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यांवरच वाढल्या.

४

बूलंजेनंतर सर्व जगाच्या सर्व सरीसृपांची यादी पुन्हा एकाच हाताने झाली नाही. कासवांच्या, मगरींच्या, सापांच्या निरनिराळ्या याद्या निघत राहिल्या. छापील सूचीची अडचण कोशकारांच्या चांगल्या परिचयाची आहे. शेवटचा खंड छापून होईपर्यंत पहिला जुना झालेला असतो, आणि पुरवण्यांची पुरवणी करण्याची पाळी येते.

ह्या अडचणीवर संगणकाचा उपाय प्रथम हायडेलबर्ग येथे योजिला गेला. तेथील युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत पेटर युट्झ हा तरुण संशोधक काम करीत होता. त्याने १९९५ साली सरीसृपांच्या जातींची सूची संगणकावर आणण्यास प्रारंभ केला. त्याच संस्थेतील थुरे एट्झोल्ड ह्याने जनुकक्रम व प्रथिने ह्यांच्या प्रचंड माहितीकोशांत शोध घेण्यासाठी एक प्रणाली सिद्ध केली होती. रेणूंसाठी केलेली ही चौकट सापांच्या नावांना लावण्यात आली, आणि १९९६ साली ह्या दोघांनी सरीसृपशास्त्राच्या एका नियतकालिकात ह्या नव्या कोशाचा परिचय करून दिला. पुढे यिर्झी होशेक ह्या चेक सहकाऱ्याने त्याची संगणकीय बाजू सांभाळली; युट्झ अमेरिकेत रिचमंड येथील विद्यापीठात गेला, आणि सूचीही त्याच्याबरोबर चालत राहिली. आज 'रेप्टाइल डेटाबेस' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या कोशात बारा हजारांहून अधिक जाती आहेत. त्याच्यामागे मोठा पगारी कर्मचारीवर्ग नाही. मुख्यतः स्वेच्छेने काम करणारे अभ्यासक नवीन निबंध वाचतात, नोंदी करतात आणि चुका कळवितात.

ह्या कोशातील एखादी नोंद उघडून पाहिली की तिची रचना ध्यानात येते. प्रथम ग्राह्य नाव, नाव देणाराचे नाव व वर्ष. त्याखाली समनामे, म्हणजे त्या प्राण्याला आजवर ज्या ज्या नावांनी संबोधिले गेले ती सर्व, कालक्रमाने व लेखकांसह. नंतर प्रसार, प्रमाण नमुना कोणत्या संग्रहालयात कोणत्या क्रमांकाखाली आहे ती माहिती, पुष्कळ ठिकाणी नावाची व्युत्पत्ती, आणि शेवटी संदर्भ. हा कोश स्वतः नावे निर्माण करीत नाही. नाव प्रसिद्ध निबंधातून जन्मास येते, संहितेच्या नियमांनी टिकते वा पडते. कोश त्याची नोंद घेतो आणि मतभेद असेल तेथे मतभेद लिहितो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तो आदेशात्मक कोश नसून वर्णनात्मक कोश आहे.

५

समनामांची एवढी लांबलचक मालिका बाळगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर दोन उदाहरणांनी देता येते.

पहिले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. माळरानावर गळ्याखाली पंख्यासारखी पडदी उघडणारे लहान सरडे आपण पाहतो. १८२९ साली कुव्हिए ह्याने पाँडिचेरीच्या नमुन्यावरून ह्यांपैकी एकास 'सिताना पाँटिसेरियाना' असे नाव दिले. १८७० साली जर्डन ह्याने दख्खनमधील सरडा वेगळा मानून त्याला 'सिताना डेक्कानेन्सिस' म्हटले. पुढील संशोधकांस हा भेद पटला नाही, आणि जर्डनचे नाव कुव्हिएच्या नावात विलीन झाले. ते मेले असे म्हणावयास हरकत नव्हती. तथापि समनामांच्या रकान्यात ते लिहिलेले राहिले. २०१६ साली दीपक, वरद गिरी व त्यांचे सहकारी ह्यांनी द्वीपकल्पातील ह्या सरड्यांची अंगलक्षणे व जनुके तपासली, तेव्हा जर्डनचे निरीक्षण बरोबर असल्याचे आढळून आले. दख्खनचे सरडे वेगळ्या जातीचेच नव्हे, तर वेगळ्या वंशाचेही ठरले. त्या नव्या वंशास संशोधकांनी मराठीतलाच शब्द दिला : 'सरडा'. आज जर्डनचा सरडा 'सरडा डेक्कानेन्सिस' ह्या नावाने विश्वसूचीत आहे. त्याच्या शेजारी साताऱ्यातील चाळकेवाडीच्या पठारावरचा 'सरडा सुपर्बा' आहे. जुने नाव पुसून टाकले असते तर ह्या पुनर्विचारास आधारच राहिला नसता.

दुसरे उदाहरण घोणशीचे. पाकिस्तानपासून तैवानपर्यंतच्या सर्व घोणशी एकाच जातीच्या, असे दीर्घकाळ मानले जाई. २००७ साली ब्रह्मदेश, सयाम इत्यादी पूर्वेकडील घोणशी स्वतंत्र जाती म्हणून वेगळ्या काढण्यात आल्या. त्यांचे 'सायामेन्सिस' हे नाव मात्र माल्कम स्मिथने १९१७ सालीच देऊन ठेवलेले होते. परिणाम असा, की २००७ पूर्वी ब्रह्मदेशात झालेले विषाविषयीचे संशोधन 'रसेली' ह्या नावाखाली छापलेले असले, तरी ते आपल्याकडील घोणशीविषयी नाही. जुने नाव आणि नवे नाव ह्यांचे नाते लिहिलेले नसेल, तर वाचक एका सापाचे गुणधर्म दुसऱ्यास चिकटवील. हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सरासरीने दरसाल सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

कासवांच्या 'कचुगा' वंशाचे भाग्य उलट्या दिशेने गेले. स्मिथच्या १९३१ च्या खंडात तो ठळकपणे आहे; एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मोडून त्यातील जाती 'बटागुर' व 'पांगशुरा' ह्या वंशांत वाटल्या गेल्या. गोदावरीच्या खोऱ्यातील जे कासव जुन्या चिठ्ठ्यांवर 'कचुगा' होते, ते आता 'पांगशुरा टेंटोरिया' आहे. जुन्या संग्रहात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ती चिठ्ठी वाचता येते, ती समनामांच्या बळावरच.

६

आता नागपूरकडे वळू. ज्ञानाची मोठमोठी संकलने करण्याची महत्त्वाकांक्षा ह्या नगरास अपरिचित नाही. केतकरांचे ज्ञानकोशमंडळ प्रथम नागपुरातच स्थापन झाले होते. परंतु प्राणिनामांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा उद्योग डॉ. रघुवीर ह्यांचा. त्यांची सरस्वती विहार ही संस्था १९४६ साली लाहोरहून नागपुरास आली. पुढील दशकभर येथूनच त्यांच्या पारिभाषिक कोशांचे कार्य चालले. उपसर्ग, धातू व प्रत्यय ह्यांच्या योगाने संस्कृतातून वाटेल तितके पारिभाषिक शब्द घडविता येतील, हा त्यांचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. त्या सिद्धान्ताचा प्राणिशास्त्रातील आविष्कार म्हणजे भारत, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप येथील पक्ष्यांची भारतीय शास्त्रीय नामावली. ती १९४९ साली येथूनच प्रसिद्ध झाली. लॅटिन द्विपद नावांच्या तोडीची संस्कृत द्विपद नावे पक्ष्यांना द्यावयाची, अशी तिची योजना.

ह्या ग्रंथाची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केली. प्रस्तुत लेखकास तसे करावयाचे नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील विद्यार्थ्याने प्राणिशास्त्र आपल्या भाषेत शिकावे, ही आकांक्षा थोर होती, आणि तिच्यामागील श्रमही असामान्य होते. मग ही नावे का रुजली नाहीत? संस्कृत कठीण म्हणून, असे सामान्यतः सांगितले जाते. ते उत्तर मला अपुरे वाटते. 'नाजा' आणि 'दाबोइया' ह्यांच्या सोबतीस येणारी ग्रीक-लॅटिन पदे आपल्या विद्यार्थ्यास काही सोपी नाहीत. माझ्या मते खरे कारण असे, की ही नावे दोन्ही बाजूंनी निराधार होती. प्राथम्याच्या नियमामुळे शास्त्रीय व्यवहारात त्यांना स्थान मिळणे शक्य नव्हते, आणि लोकांच्या बोलण्यातून ती आलेली नसल्यामुळे तेथेही त्यांना घर नव्हते. रसेलने विशाखापट्टणमच्या लोकांना नाव विचारले. रघुवीरांच्या पद्धतीत विचारण्याचे कारणच उरत नव्हते, कारण नाव सिद्ध करण्याची यंत्रणा व्याकरणात होती. फार पूर्वी परकीयांनी टिपलेले 'बंगारम' आणि 'कछुआ' जगाच्या सूचीत गेले. आपल्याच विद्वानांनी घडविलेली नावे ग्रंथात राहिली.

७

ह्या इतिहासातून आपल्यापुरता काही बोध घ्यावयाचा असेल तर तो कृतीचा आहे. विश्वसूचीत लोकनामांनाही जागा आहे; परंतु भारतीय भाषांतील नावे तीत तुरळकच सापडतात. हा दोष सूचीकारांचा नव्हे. जे संकलित झालेलेच नाही, ते त्यांनी कोठून आणावे? मोल्सवर्थच्या कोशापासून आपल्या कोशांत सापांची नावे आहेत. पण अशा नोंदींतून पुष्कळदा सापाची एक जात एवढेच कळते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बोलींच्या शब्दसंग्रहाचे काम चालले असता दोन विद्यार्थ्यांचा वाद झाला. एकाच्या गावी 'परड' हा भयंकर विषारी साप होता. दुसरा, पश्चिम महाराष्ट्रातून आलेला, असा साप अस्तित्वातच नाही असे म्हणत होता. चित्र दाखविल्यावर दोघेही एकाच घोणशीविषयी बोलत असल्याचे उघड झाले. वाद हसण्यावारी गेला. परंतु ज्याच्या शेतात मजूर दंश झालेल्या माणसाला घेऊन दवाखान्यात येतो आणि 'परड चावली' एवढेच सांगतो, तेथे हा वाद हसण्याचा राहत नाही. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांच्या विषावर एकत्रच चालते, हे खरे. तथापि घोणशीच्या दंशात रक्तस्राव व मूत्रपिंड ह्यांकडे आणि मण्याराच्या दंशात श्वासाकडे डोळे ठेवावे लागतात. बिनविषारी कवड्या साप मण्यार समजला जातो, तसाच मण्यारही कवड्या समजला जाऊ शकतो.

म्हणून विदर्भातील सरीसृप-नामांचे संकलन भाषा व प्राणिशास्त्र ह्या दोन विभागांनी मिळून करावे, असे सुचवावेसे वाटते. वऱ्हाडी, झाडीबोली, हलबी, गोंडी, कोलामी, कोरकू ह्या सर्व बोली त्यात याव्यात. गोंडीत सापाला 'तरास' म्हणतात, एवढेही आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. नोंदीची पद्धत नव्याने शोधण्याचे कारण नाही; बूलंजेने व युट्झने ती घालून दिली आहे. नाव जसे ऐकले तसे लिहावे. गाव, बोली व तारीख द्यावी. प्राण्याचे छायाचित्र जोडून प्राणिशास्त्रज्ञाकडून त्याची ओळख पटवून घ्यावी. ओळख पटली नाही तर तसे स्पष्ट लिहावे. एकाच गावात दोन नावे मिळाली तर दोन्ही ठेवावी. एकच नाव दोन सापांना लावले जात असेल तर ते अवश्य नोंदवावे, कारण धोका तेथेच आहे. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा करून कोणतेही नाव गाळू नये. जर्डनच्या सरड्याला परत यावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. 'परड' सांगणारी माणसे आज बोलत आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्यास एवढा अवधी मिळणार नाही. एका तालुक्यापासून आरंभ केला तरी पुरे.